शिळेची प्लेट

वरची देऊळवाडी, ता. मालवण
३ नोव्हेंबर २००३

चि. सत्यवान यास आशीर्वाद.

यमुनाकाकीचा उजवा कान गेला आहे आणि डावा जाण्याच्या वाटेवर आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. नाहीतर लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

कुडाळच्या कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नस वाळत चालली आहे. डाव्या कानाने शिमग्यापर्यंत थोडंफार ऐकू येईल, त्यापुढचं धरून चालू नका. कानातलं मशीन लावलं तर आवाज मोठा होईल, पण तो कळेल असं नाही. मी हे काकीला जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवीत मला अर्थ वाटत नाही. ती काही वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, "मगे माका ती शिळेची प्लेट एकदा ऐकव गो दुर्गा. ऐकाक येता तवसर."

तेव्हापासून रोज एकदा तरी विचारते.

ग्रामोफोनच्या त्या प्लेटी तुमच्याकडे आहेत. वाटणी झाली तेव्हा तू मुंबईत होतास, म्हणून आठवण करून देते. विठोबाकाकांनी बोटीवर स्वयंपाक करून अमेरिकेच्या बंदरांतून जमवलेली ती सगळी गाणी. ते वारल्यावर तीन वर्षांनी माझे बाबा आणि तुझे बाबा समोरासमोर बसले आणि विहीर, फणस, भातखाचरं यांबरोबर काकांची ट्रंकही वाटली गेली. चावीचा फोनो आमच्याकडे आला, प्लेटी तुमच्याकडे गेल्या. एकाला यंत्र, एकाला प्लेटी, म्हणजे समसमान. अशी वाटणी जगात आणखी कुठे झाली असेल असं मला वाटत नाही. तुझे बाबा प्लेटींची पेटी डोक्यावर घेऊन आजोळच्या घरी आरोंद्याला गेले, आणि तेव्हापासून आमचं यंत्र मुकं आणि तुमच्या प्लेटीही मुक्याच.

शिळेची प्लेट, म्हणजे ज्या गाण्यात कोणी शीळ घालतो ती, मसुऱ्याला, कुडाळला, कुठेही आणून दे. काकीने ऐकली की परत करीन.

फोन करू नकोस. दिवाळीत मी केला तेव्हा "ऐकाक येणा नाय, ऐकाक येणा नाय" म्हणून तू ठेवलास. मला तुझं सगळं ऐकू येत होतं.

दुर्गा

*

आरोंदा
१२ नोव्हेंबर २००३

ती. दुर्गाताईस सत्यवानचा शि. सा. न.

तुझं पत्र आलं. तुझ्या भावजयीने, रुक्मिणीने, दारातच विचारलं, "कोर्टाचा काय?" मी म्हटलं, नाय गो, त्यापेक्षा कडक आसा, दुर्गातायचा आसा.

काकीचं वाचून फार वाईट वाटलं. प्लेटी आहेत. बाबांनी मरेपर्यंत पेटी माळ्यावरून खाली काढू दिली नाही, आणि मी ती फेकली नाही. इतकं तर मानशील?

पण ताय, एकटी प्लेट पाठवून कसं भागेल? त्यापेक्षा असं कर. फोनो इकडे पाठवून दे. मी एकेक प्लेट लावून शिळेची कोणती ते नीट शोधून ठेवतो. मग तू काकीला घेऊन ये. चार दिवस राहा. खाडीत शिंपल्यातले तिसरे चांगले मिळतायत, रुक्मिणी सुकं करील. काकीला आठवत असेल, लहानपणी मी तिच्या हातचं सुकं खाऊन चुलीशीच झोपायचो.

आम्ही पोरं त्या गाण्यांना काय काय नावं ठेवायचो! घोड्याची, उचकीवाली, तीन बायकांची, आगगाडीची. इंग्रजी कोणाच्या बापाला कळत होतं? तू कोल्हापूरहून बी. ए. होऊन आलीस तेव्हा सगळ्या वाडीने तुला पडवीत बसवलं होतं, आता अर्थ सांग म्हणून. आठवतं?

फोनो पाठव. आमचा पोरगा सर्वेश शनिवारी पणजीहून येतो, त्याला मालवणला धाडतो.

तुझा,
सत्यवान

*

वरची देऊळवाडी
१८ नोव्हेंबर २००३

चि. सत्यवान,

फोनो पाठवणार नाही.

एकदा यंत्र आरोंद्याला गेलं की यंत्रही तुझ्याकडे आणि प्लेटीही तुझ्याकडे. मग मी तुला पत्र लिहिणार आणि तू तिसऱ्यांचं सुकं कसं झालं ते कळवणार. मी सदतीस वर्षं शाळेत काढली आहेत. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगणारी मुलं तुझ्यापेक्षा सरळ असायची.

काकीला आरोंद्याला आणता येणार नाही. ती एस. टी.त बसली की पहिल्या वळणालाच ओकते. शिवाय प्लेटी ज्या घरात गेल्या त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं तिने तेव्हा म्हटलं होतं. का म्हटलं होतं ते मी कधी विचारलं नाही. मोठ्यांचं भांडण म्हणून सोडून दिलं.

शोधायला फोनो कशाला हवा? प्रत्येक प्लेटीच्या मध्ये गोल कागद असतो. त्यावर गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. तुला वाचता येत नसेल तर सर्वेशला वाचायला सांग, आणि सगळी नावं मला लिहून पाठव. मी इथून ओळखीन.

अर्थ सांगायला मला बसवलं होतं ते आठवतं. सबंध दुपारभर त्या गाण्यांत चंद्र, नदी, निरोप, आगगाडी, पुन्हा चंद्र. शेवटी कंटाळून मी म्हटलं, सगळ्यांचा अर्थ एकच आहे, जाऊ नको आणि गेलास तर लवकर ये. सगळे हसले. काकी आतून म्हणाली, "तां माका बी. ए. न होता समाजलां."

नावं लिहून पाठव. वेळ कमी आहे.

दुर्गा

*

आरोंदा
५ डिसेंबर २००३

ती. दुर्गातायस सा. न.

रागावू नकोस. तुझ्यासाठी सर्वेशने सोबत सीडी पाठवली आहे. पणजीच्या दुकानातून जुन्या अमेरिकन गाण्यांची खास निवडून आणली. पन्नास वर्षांपूर्वीची सगळी नावाजलेली गाणी तीत आहेत असं दुकानदार म्हणाला. खरखर नाही, काही नाही. शीळही दोन गाण्यांत आहे, मी ऐकली. काकीला हेच हवं असेल तर प्रश्नच मिटला.

नसेल तर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. तू यंत्र सोडत नाहीस, मी पेटी एस. टी.च्या टपावर टाकू शकत नाही, लाखेच्या प्लेटी त्या, पापडासारख्या फुटतील. तर दोघांनीही आपापलं घेऊन भराडी देवीच्या जत्रेला यावं. तिथे कोण कोणाकडे आला हा प्रश्न येत नाही, सगळे देवीकडे आलेले. मसुरे तुला जवळ. काकीला रिक्षाने आणता येईल. आणि देवीच्या दारात मी तुझा फोनो पळवणार नाही, एवढा तरी भरवसा धर.

तुझा,
सत्यवान

*

वरची देऊळवाडी
१४ डिसेंबर २००३

चि. सत्यवान,

शेजारच्यांकडे सीडी लावली. काकी कान लावून बसली. पहिलं गाणं झाल्यावर म्हणाली, "आवाज बरो आसा." दुसऱ्याला म्हणाली, "पण हो मनीस खंयचो? आमच्यांत हो नव्हतो." तिसऱ्याच्या मध्येच उठून पेजेला विस्तव घालायला गेली. तू म्हणतोस ती दोन्ही शिळेची गाणी मी तिला हाताला धरून ऐकवली. "ही दुसऱ्याची शीळ," म्हणाली. सीडी परत पाठवते आहे.

मी नावं मागितली होती. तुझं पत्र आलं, पण त्यात एकही नाव नाही. तू काहीतरी लपवतो आहेस. काय ते मला कळेल.

जत्रेचं म्हणतोस ते मान्य. दुसरा मार्ग तू ठेवलेलाच नाहीस. पण जत्रा कधी? कॅलेंडरात सगळ्या देवांच्या तिथ्या छापलेल्या आहेत, फक्त हिची नाही. देवीच्या नावाने रानात पारध होणार, तिचा कौल लागणार, मग तारीख. मी मसुऱ्याच्या हौसाबाईंना विचारलं. आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या त्या, जत्रेला त्यांच्याच घरी बसू. त्या म्हणाल्या, "देवी सांगात तेव्हा." देवीला काकीच्या कानाचं कोण सांगणार? काल मी जेवायला हाक मारली तर तीन हाकांनंतर तिने वर पाहिलं, आणि तेही माझी सावली भिंतीवर हलली म्हणून.

आणखी एक अडचण होती. फोनोच्या पिनांचा डबा उघडला तर आत गंजाचा भुगा. मालवणच्या बाजारात पीन मागितली तर साडीला लावायची काढून दिली. काकीनेच तोडगा सांगितला. पिना संपल्या की काका करवंदीचा काटा कापून लावायचे, एका बाजूला एक काटा. चावी अजून बसते. मी रिकामं यंत्र फिरवून पाहिलं. नीट फिरतं.

काटे मी आणीन. प्लेटी तू आण.

दुर्गा

*

आरोंदा
९ जानेवारी २००४

ती. दुर्गातायस सा. न.

तारीख लागली, तुला कळलीच असेल. पण माझं नशीब बघ. मंगळवारी खाडीच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरलो. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. मार्चपर्यंत प्लॅस्टर. आता तू म्हणणार, मुद्दाम मोडून घेतला. एक्स-रे पाठवू काय?

रुक्मिणी आणि सर्वेश पेटी घेऊन गाडीने येतील. हौसाबाईंचं घर विचारत येतील. पेटीत भाताचा पेंढा भरला आहे, सांभाळून उघड.

उघडल्यावर रागावशील. जरा समजून घे. मी पुढच्या पत्रात लिहीन.

सत्यवान

*

वरची देऊळवाडी
२३ फेब्रुवारी २००४

चि. सत्यवान,

पेटी उघडली आणि कळलं.

एकाही प्लेटीवर कागद नाही. वाळवीने मधले सगळे गोल खाऊन टाकले आहेत. हातात नुसत्या काळ्या थाळ्या. तुला हे नोव्हेंबरात माहीत होतं. मी नावं विचारली, आणि तू मला सीडी पाठवलीस.

तरी आम्ही बसलो. हौसाबाईंच्या माजघरात, दारं लावून, कारण बाहेर जत्रेचे भोंगे. सर्वेश चावी देत होता, रुक्मिणी काटे कापत होती आणि मी लावत होते. काकीने डावा कान फोनोच्या झाकणाला टेकवला होता. घोड्याची निघाली. तीन बायकांची निघाली. उचकीवाली निघाली तेव्हा रुक्मिणीला हसू आवरेना. आगगाडीच्या प्लेटीला तडा गेला आहे, ती एकाच जागी शिट्टी मारत राहिली. मला क्षणभर वाटलं हीच ती, पण काकीने हात हलवला.

एक संथ गाणं निघालं, पुरुषाचं. घरी जायला निघालो आहे, वाट लांब आहे, इतकंच. त्यात शीळ नव्हती. मध्ये बराच वेळ कोणी गात नाही, नुसती वाद्यं आहेत, म्हणून मी काटा उचलला. उगाच काटे फुकट घालवायचे नव्हते. काकीने माझं मनगट धरलं. मला वाटलं, दमली. तिला पाणी दिलं आणि पुढची लावली. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून बसली, ती शेवटपर्यंत. रुक्मिणीने दोनदा विचारलं, "काकी, काय जाता?"

शेवटची प्लेट संपली. दोन्ही बाजू लावल्या. शीळ कशातही नाही.

म्हणजे एक प्लेट कमी आहे. ती फुटली, कोणाला दिलीस, की शिळेची तेवढी बाजूला काढून ठेवली आहेस? तू लहानपणी त्या शिळेच्या मागे असायचास, हे मला आठवतं आहे. तुझ्याकडे असेल तर आता तरी सोड. परतताना रिक्षात मी काकीला दोनदा काहीतरी विचारलं. दोन्ही वेळा ती रस्त्याकडे बघत राहिली. रागावली होती की ऐकू आलं नाही, ते मला सांगता येत नाही.

पेटी इथे आहे. पूर्ण होईपर्यंत परत करणार नाही.

दुर्गा

*

आरोंदा
१ मार्च २००४

दुर्गातायस,

तू शाळेत पोरांना बडवायचीस तेव्हा आधी विचारायचीस तरी, असं ऐकून होतो.

एकही प्लेट कमी नाही. बाबांनी आणली तेवढीच पेटी आहे. वाळवी लागली ती बाबांच्या हयातीत. मी माळ्यावर चढलो तोवर कागद गेले होते. तुला लिहायची लाज वाटली. तुझं पहिलं पत्र आलं आणि मला कळलं की आता कोणती प्लेट कोणती हे फक्त फोनोच सांगू शकतो. म्हणून फोनो मागितला. हडपायला नाही. तू लिहिलंस गृहपाठाची वही, आणि मग मी खरं सांगायचंच टाकून दिलं. तुझ्यापुढे खरं बोलायला माणसाला आधी उभं राहावं लागतं.

आता शिळेचं. तुझं पत्र वाचून मी रुक्मिणीला म्हटलं, ही बाई आमच्याच घरात वाढली ना? तू तेव्हा कोल्हापूरला बोर्डिंगात होतीस आणि पुढे तिन्हीसांजेला शिकवण्यांत, म्हणून तुला ठाऊक नसावं. काका सुट्टीवर आले की तिन्हीसांजेच्या आधी पडवीत फोनो लावायचे. ते संथ गाणं लागलं की उठून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभे राहायचे. मध्ये कोणी गात नाही ती जागा आली की स्वतः शीळ घालायचे, वाद्यांच्या वरून, हळू. आणि काकी आतून आमटीचा डाव टोपाच्या कडेवर वाजवायची, ठण ठण. बाहेर यायची नाही. सासूसासऱ्यांच्या समोर आणखी काय करणार होती? सगळ्या वाडीला माहीत होतं. कोणी त्यावर बोलायचं नाही.

शीळ प्लेटीत कधी नव्हतीच, ताय. शीळ काकांची.

मी ती पायरीवर बसून शिकलो. बाबांनी कानफटात मारली, बायकोला घालायची शीळ पोराने घालायची नाही म्हणून. अजून येते.

आणि तू काटा उचललास तो नेमका त्या जागेवर. तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस. पुन्हा वाच.

सत्यवान

*

वरची देऊळवाडी
५ मार्च २००४

चि. सत्यवान,

वाचलं. पुन्हाही वाचलं.

आता काकीशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. मी लिहिलं, "शीळ विठोबाकाकांची होती?" तिने वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चौथीत नापास झाले आहे.

"तुका काय वाटला, प्लेटीत? प्लेटीत तो अमेरिकेचो मनीस. तो माका कित्याक शीळ घालतलो?"

मी लिहिलं, "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुझो हात धरलंय नाय? तू माका पाणी दिलंस."

मी पाटी पुसून टाकली.

पुढचं तुला सांगणं भाग आहे. मी पाटीवर लिहिलं की प्लेटी सत्यवानच्या आहेत, फोनो आमचा आहे, म्हणून इतके दिवस गेले. तिने पाटी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि म्हणाली, "आणि माझा काय?"

तिला वाटलं मला कळलं नाही. मोठ्याने म्हणाली. आता ती सगळंच मोठ्याने बोलते. "तो फोनो ह्येनी माझ्यासाठी आणललो. प्लेटी माझ्यासाठी आणलल्यो. तुमच्या बापाशींनी वाटून घेतल्यानी, तेव्हा मी चुलीकडे होतंय. माका कोणी इचारल्यान? अर्धा त्येंका, अर्धा तुमका. मी अजून जिती आसंय." मग पाटी माझ्याकडे परत देत, "म्हणान त्या उंबऱ्याक पाय लावूचो नाय म्हटलंय. हय ऱ्हवलंय ती काय तुमचा बरा म्हणान नाय. हय माझी चूल होती."

वाटणीच्या वेळी मी तेहतीस वर्षांची होते, पदवीधर होते आणि त्याच घरात होते. समसमान झालं असं मलाही वाटलं होतं. तीस वर्षं तू आणि मी एका तिसऱ्या बाईच्या वस्तूवरून एकमेकांना टाकून बोलतो आहोत, आणि ती बाई मला दोन वेळा जेवायला वाढते आहे.

प्लॅस्टर काढलं की लगेच ये. दहाची सावंतवाडी गाडी पकड, तिथे आणि कुडाळला बदल. पाय लंगडत असेल तर काठी आण, सर्वेशला आण, काहीही कर. शिमगा आला. काल तिच्या डाव्या कानाशी मी घंटा वाजवली, तिने मान हलवली, पण ती माझा हात बघून.

ते गाणं मी वेगळं काढून ठेवलं आहे. कापडात गुंडाळून, वर खूण करून. काटे भरपूर आहेत.

तू चहा साखरेचा पितोस की बिनसाखरेचा, हे मला माहीत नाही. लिही, किंवा आल्यावर सांग.

दुर्गा

*

वरची देऊळवाडी
रविवार, १४ मार्च २००४

पोचपावती

आज दुपारी माझ्या समक्ष आणि सत्यवान हडकर, रा. आरोंदा, यांच्या समक्ष खालील वस्तू श्रीमती यमुनाबाई विठोबा हडकर यांच्या हाती दिल्या. १९७४ सालची वाटणी या वस्तूंपुरती चुकीची होती, हे आम्ही दोघं मान्य करतो. आमचे वडील हयात असते तर त्यांनाही सांगितलं असतं.

चावीचा फोनो एक, झाकणासह. चालू.
प्लेटींची पेटी एक. प्लेटी तेवीस, पैकी आगगाडीच्या प्लेटीस तडा. कागद एकावरही नाही. सत्यवानने खडूने नावं घातली आहेत: घोड्याची, उचकीवाली, तीन बायकांची आणि पुढे. शिळेच्या प्लेटीवर काहीही लिहू नये, ती आपण हाताने ओळखतो, असं काकींचं म्हणणं पडलं. म्हणून तिच्यावर लिहिलेलं नाही.
करवंदीचे काटे, वाटीभर.

देण्यापूर्वी वस्तू तपासून घेतल्या. त्याची नोंद अशी.

फोनो पडवीत ठेवला. काकी स्वयंपाकघरातच राहिली. बाहेर ये म्हटलं तर आली नाही. प्लेट मी लावली. मधली जागा आली तेव्हा सत्यवान काठी टेकून दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने शीळ घातली. पहिल्यांदा ओठ कोरडे पडून नुसता वारा आला. मी पाणी आणायला उठत होते, पण तोवर शीळ लागली. मी काटा उचलला नाही.

काकीला ऐकू आली नाही. ती चुलीपाशी उभी राहून आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. मग ती दारापर्यंत आली आणि तिने तळहात सत्यवानच्या तोंडासमोर धरला. तो थांबला नाही. वाद्यं संपून गाणारा पुन्हा गाऊ लागेपर्यंत तिने हात तसाच ठेवला.

"गरम आसा," ती म्हणाली. मग वळून आत गेली. आम्हाला वाटलं, झालं. तेवढ्यात आतून डाव टोपाच्या कडेवर वाजला. टोप आमटीचा होता, भरलेला, म्हणून आवाज जरा बसका आला.

देणार: दुर्गा हडकर. सत्यवान हडकर.

घेणाऱ्याची सही आणि शेरा, त्यांच्याच अक्षरात:

माझां माका गावलां.
यमुना विठोबा हडकर